सुलूनं आणलेलं अतिविष

छत्रीबाग, इंदूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुलू हिस,
ताईचे तुला, शंकररावांना, यशवर्धन-प्रीतीला आणि घरात आलेल्या नव्या पाहुणीला पोटभर आशीर्वाद.

अमितानं नातीचा फोटो दाखवला. नाक थेट आपल्या दोघींच्या आईचं आहे, आणि त्या आवळलेल्या मुठी बघता रागही तिचाच असणार. प्रीतीला बरं वाटत असेल. तिला डिंकाचे लाडू दे, पण तुझ्या हाताला साखरेचा अंदाज नाही, तेवढं सांभाळ. मी ठीक आहे. मोतीबिंदू पिकलाय, मार्चमध्ये काढू म्हणतात. बाकी काही नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे हातानं लिहिते आहे. पत्र अमिता आणून देईल. पाकिटावरचं अक्षर बघून फाडू नकोस. गणपतीतल्या त्या स्लाइड शोबद्दल मी माफी मागणार नाही, हे आधीच सांगते. ते फूल ब्रह्मकमळ नव्हतं, फेनकमळ होतं. तू हॉलभर माणसांना माइकवरून चुकीचं नाव सांगत होतीस आणि मी उठून बरोबर नाव सांगितलं. लोक हसले त्याला मी काय करू? तू लॅपटॉप मिटून तरातरा निघून गेलीस, त्यालाही मी काय करू? बस, तो विषय इथं संपला.

आता कामाचं बोलते, नीट वाच.

रविवारी बारसं आहे आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी तू बाळाला पहिली गुटी उगाळून देणार. अमिता मोठ्या कौतुकानं सांगत होती, "आत्या, या वेळचं अतिविष बाजारातलं नाहीये, सुलूआत्यानं हिमालयातून स्वतः खोदून आणलंय, एकदम असली!" ऑगस्टमधल्या ट्रेकला आणलंस म्हणे. मग तिनं मोबाइलवर त्या झाडाचा फोटो उघडून माझ्यापुढे धरला. तूही आहेस त्यात, झाडाशेजारी उकिडवी बसलेली, हसतेस.

सुलू, ते अतिविष नाही. तो बचनाग आहे. ती मुळी सहाणेला लावू नकोस.

चिडू नकोस, पुढे वाच. दोन्ही एकाच कुळातली. सख्ख्या बहिणीच म्हण. उंची तेवढीच, त्याच उतारावर उगवतात, आणि दोघींच्या फुलांना तीच टोपी, डोक्यावरून पुढे ओढून घेतल्यासारखी. फूल बघून भलेभले फसतात. पान बघायचं असतं. अतिविषाचं पान अखंड असतं, कडेला फक्त दाते, आणि वरची पानं देठाला मिठी मारून बसतात. बचनागाचं पान पार मुळापर्यंत चिरलेलं, शेवंतीच्या पानाला आणखी कातरल्यासारखं. तिथले लोक या विषारी झाडाला 'मीठा' म्हणतात, आणि औषधी अतिविषाला 'अतीस', ते असतं कडू. गोड नावावर जाऊ नये ते असं.

तुझ्या फोटोतलं फूल अतिविषासारखं फिकट हिरवट नाही, गडद निळं आहे आणि पानं चिरलेली आहेत. मी शंभर टक्के खात्रीनं सांगते. अठ्ठावीस वर्षं मुलांना हेच शिकवलं आहे.

बचनागाचा सहाणेवरचा एखादा वळसा मोठ्या माणसाला आडवा करतो. तुझी नात अजून बारा दिवसांची नाही. मुळ्यांची डबी अमिताच्या हाती दे, मी त्यांची विल्हेवाट लावते. अतिविष मल्हारगंजातल्या आपल्या नेहमीच्या काष्ठौषधीवाल्याकडून नवं घे, किंवा या वेळी गुटीत घालूच नकोस. मुरडशेंग आणि वेखंडावर मुलं वाढतात.

उत्तर पाठव.

तुझी,
ताई


परदेशीपुरा
बुधवार

ती. शारदाताईस,
सा. न.

पत्र पोचलं. बाळ-बाळंतीण मजेत. अमिता समोर बसली आहे, दुसरा चहा पिते आहे आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणते, म्हणून लिहिते. नाहीतर लिहिलं नसतं.

लाडवात साखर किती ते माझं मी बघीन.

ताई, तू मला इतकी बेवकूफ समजतेस? मी काय रस्त्यावरचं गवत उपटून आणलं? आमच्याबरोबर तिथला घोडेवाला होता, त्यानं दुरून बोट दाखवून सांगितलं, "माताजी, वो रहा अतीस." मग मी खणलं. हात फुटले माझे. थंडी काय, पाऊस काय, बाकी बायका तंबूत मॅगी खात होत्या आणि मी चिखलात बसून मुळ्या काढत होते. का? तर यशचं लग्न झालंय, उद्या घरात पाळणा हलेल, तेव्हा माझ्या हातचं असावं. तेव्हा तर प्रीतीला दिवस गेल्याचं मला कुणी सांगितलंही नव्हतं. इतकी मी आशेवर होते.

आणि तुझीच विद्या तुला सांगते. घरी आल्यावर एक मुळी मोडून बघितली. आत पांढरी, पिठासारखी, मध्ये काळे ठिपके. हे लहानपणी तूच शिकवलं होतंस ना, अतिविष मोडलं की ठिपके दिसतात म्हणून? परवा सहाणेवर उगाळून चाटलीसुद्धा. कडू जहर. कडू म्हणजे अतीस, असं तूच लिहितेस. मला काहीही झालं नाही, दुपारी पुरणपोळ्या केल्या मी. फूल निळं म्हणतेस, तर अतीसही कधी कधी निळं असतं, मीसुद्धा वाचलंय.

आता एक विचारते, त्याचं उत्तर दे. तो फोटो मी आत्ता पुन्हा मोठा करून बघितला. खालच्या अर्ध्या भागात माझा पिवळा रेनकोट आहे. पानं सगळी त्याच्या मागे. एक पान दिसत नाही, ताई. मग तुला ती चिरलेली दिसली कुठून?

मी सांगते कुठून. तू झाड बघितलंच नाहीस. मला बघितलंस. सुलूनं आणलंय ना, मग चूकच असणार! लहानपणापासून हेच. माझी रांगोळी वाकडी, माझा उच्चार अशुद्ध, माझं ब्रह्मकमळ खोटं. आता नातीची गुटीही खोटी. शंकरराव म्हणतात सोड, म्हातारी झाली ती. मी नाही सोडणार.

बारशाला यायचं तर ये. पण गुटी मी देणार, आणि माझ्याच डबीतली देणार.

सुलोचना


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. सुलू,
आशीर्वाद.

उत्तर कालच द्यायला हवं होतं, जरा अडकले होते. अक्षर वाकडं येतंय ते समजून घे. टेबल नाही, पलंगावर मांडीवर उशी घेऊन लिहिते आहे, आणि डाव्या हाताला सुई आहे. इथं जेवण अळणी आहे, शेजारची बाई सारखी घोरते. असो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पानं मला दिसली नव्हती.

फोटोत पिवळा रेनकोट आहे, त्यावर निळं फूल आहे, बाकी मी मनानं भरलं. गडद निळा रंग बघितला आणि उरलेलं झाड डोक्यात आपोआप उगवलं. वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तू मला बरोबर पकडलंस. तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की अमिताला म्हटलं, "निघ, घरी जा, मला कुणी नकोय." ती गेली नाही, हे माझं नशीब.

राग उतरला आणि भीती चढली. आता मी काय करणार होते? माझ्याकडे पुरावा नाही. तुझ्याकडे मोडलेली मुळी आहे, ठिपके आहेत, कडू चव आहे, आणि सगळं खरं आहे. असंही असू शकतं की तूच बरोबर आहेस आणि मी एक खवट म्हातारी आहे. पण रंगाचं माझ्या मनातून जात नव्हतं. नक्की माहीत नाही, एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढ्यावर तू डबी दिली नसतीस. मीही दिली नसती.

तेव्हा अमितानं पर्समधून कागदाची पुडी काढली. तुझ्या डबीतला एक तुकडा तिनं सोमवारीच हळूच उचलला होता, आणि मी बचनाग म्हटल्यावर घाबरून लपवला होता. "मला वाटलं तुम्ही बघून म्हणाल, वा सुलू, आणि दोघींची कट्टी संपेल," म्हणाली आणि रडायला लागली. तिला रागावू नकोस.

तुकडा मोडला. या डोळ्यांना काय दिसणार, सगळं धुक्यातलं. अमिताला विचारलं तर म्हणे, "आत्या, थोडा व्हाइट है, थोडा ब्राऊन, पता नहीं." सहा महिन्यांचा वाळलेला तुकडा, त्याला किडीनं पोखरलेलं, तिचं तरी काय चुकलं? ठिपके आहेत असं वाटायचं, नाहीत असंही वाटायचं.

मग मी तो चावला.

ओरडू नकोस. पोरांना जन्मभर सांगितलं की अनोळखी काही जिभेला लावायचं नाही, आणि मी नखाएवढा तुकडा दाढेखाली धरला. आधी काहीच नाही. कडूही नाही. अमिताला म्हटलं, बघ, फुकट घाबरलो. तेवढ्यात ओठांना मुंग्या आल्या, जीभ माझी राहिली नाही, आणि मग बोटं. थुंकले, चुळा भरल्या, पण थोडं पोटात गेलंच होतं. उलट्या झाल्या. छातीत धडधड अशी नव्हतीच, ते नुसतंच वेडंवाकडं पळत होतं आणि मध्येच थांबत होतं. अमितानं खालच्या मजल्यावरच्या नचिकेतच्या गाडीत घातलं आणि इथं आणलं. बुधवारची रात्र मला आठवत नाही. काल दुपारी डॉक्टर म्हणाले, आजी, धोका टळला, पण दोन दिवस हलायचं नाही. छातीला तारा लावल्यात. मी ठीक आहे हे मंगळवारी लिहिलं होतं ते तेव्हा खरं होतं, आज अर्धं खरं आहे.

आता लक्ष दे, सुलू, सगळ्यात महत्त्वाचं हे आहे.

तू मोडलीस ती मुळी अतिविषच होती. तू चाटलीस तेही अतिविषच. मी चावला तो बचनाग होता. दोन्ही तुझ्या डबीत आहेत. त्या उतारावर ती शेजारी शेजारी उगवली असणार, घोडेवाल्यानं दुरून दाखवलं ते झाड खरं असणार, आणि तू खणताना शेजारणीचेही पाय ओढलेस. पावसात, चिखलात हे कुणालाही झालं असतं. मला झालं असतं. तू चूक नाहीस आणि मी चूक नाही. अशा वेळीच मूल दगावतं.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत आहे. डबी पालथी करशील आणि एकेक मुळी मोडून पांढऱ्या एकीकडे, काळ्या एकीकडे करायला बसशील. तुला ते जमेलही असं तुला वाटेल. करू नकोस. एकमेकींना घासून भुकटी झालेली असते, एका डबीत सहा महिने पडल्यात. मी आयुष्यभर लोकांना निवडायला शिकवलं, हे वेगळं, ते वेगळं, आणि आज मी तुला हात जोडून सांगते, निवडू नकोस. सगळं टाक. तू फुटक्या हातांनी आणलेलं चांगलंही त्यात जाईल. जाऊ दे.

आईची सहाणही दे. तिच्यावर तू उगाळलं आहेस, म्हणजे त्या भुकटीतलं काहीही तिच्यात मुरलेलं असेल. तिच्यावर बाळासाठी काहीही उगाळायचं नाही, बदामसुद्धा नाही. आईला वाईट वाटणार नाही. वाटलं तर मी बघून घेईन, तिला भेटायला मी तुझ्याहून जवळ आहे.

मी यशला कालच फोन करू शकत होते. इथं सगळे विचारतात, मुळी कुठून आली म्हणून. मी सांगितलं, घरात जुनी पडली होती. प्रीतीला कळलं की सासूनं आपल्या हातानं आणलेल्या मुळीत विष होतं, तर ती पुन्हा कधी बाळ तुझ्या मांडीवर ठेवील का? सून म्हणून नाही, आई म्हणून. म्हणून आधी तुला लिहिते. अमिता डबी घेतल्याशिवाय परत येणार नाही. ती संध्याकाळपर्यंत रिकाम्या हातानं आली, तर मी इथून यशला फोन लावणार. मग तू मला जन्मभर ब्लॉक कर, चालेल.

मला मूलबाळ नाही, सुलू. तुझं ते माझं, असं मी कधी म्हटलं नाही, कारण तू म्हणू दिलं नसतंस. आज म्हणते.

डबी दे. मी भीक मागते आहे, आणि मला मागता येत नाही हे तुला माहीत आहे.

तुझ्या दारात उभी असल्यासारखी,
शारदा


परदेशीपुरा
शनिवार सकाळ

ताई,

डबी अमिताबरोबर काल रात्रीच पाठवली, ती मिळाली असेल. सहाणही पाठवली आहे. फोडली नाही, तुझ्याच्यानं होत असेल तर तू फोड.

आधी हे सांगते, बाळ सुखरूप आहे. तिच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही गेलेलं नाही. मी शपथेवर सांगते.

मंगळवारचं तुझं पत्र वाचतानाच मला वाटलं होतं की तुझं खरं असावं. आणि त्याचाच राग आला, की हिचंच का नेहमी खरं. रेनकोटचं सापडलं तेव्हा मला नातीसाठी नाही, जिंकले म्हणून आनंद झाला. कालचं तुझं पत्र वाचलं तेव्हा सगळ्यात आधी हेच आठवलं. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं? सांग ना, मी काय केलं असतं?

तू माझ्यासाठी झाकलंस. मी झाकलं नाही. यश पहाटे पुण्याहून आला, दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, तुझी पत्रं वाचायला दिली. प्रीतीनं दोन्ही पत्रं वाचली, मग मला विचारलं, "आई, मावशींनी तुम्हाला मंगळवारीच लिहिलं होतं ना?" मी हो म्हटलं. "आणि तरी तुम्ही रविवारी देणार होतात?" त्यालाही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, खरंच देणार होते.

ती उठली, बाळाला घेतलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आहे, तिथंच हे लिहिते. आत बाळ रडलं की उठते आणि परत बसते. शंकररावांनी चहा आणून दिला तो तसाच आहे. मला आत घेतील तेव्हा घेतील. मी काही मागणार नाही.

आत्ता प्रीतीनं दार थोडं उघडलं. मला वाटलं बोलावते. तिनं फक्त एवढंच सांगितलं आणि पुन्हा लावलं. उद्या बारसं नाही. यशनं सगळ्यांना फोन करायचे. पाळणा सजवलेला तसाच राहील, मावशी दवाखान्यातून उठून इथं येतील तेव्हा होईल, आणि पाळण्यापाशी माझ्या जागी त्या उभ्या राहतील.

तुझा नंबर मी सकाळीच उघडला आहे. पण फोनवर मला बोलवणार नाही, रडू येईल. डॉक्टर सोडतील त्या दिवशी अमिताला सांग, मी न्यायला येते.

लवकर बरी हो. तू येईपर्यंत पोरीला नाव नाही.

सुलू